वनिताबाईला सांगायचं नाही

आठवडाभर पावसानं दम घेतला नव्हता आणि गायींनीही. ऑकलंडपासून दोन तासांवर, मॉरिन्सव्हिलच्या बाहेर ग्रँटचा फार्म. साडेचारशे गायी, त्यातल्या निम्म्याशिम्म्या जुलै-ऑगस्टात एका दमात विणाऱ्या. रोज सकाळी कुंपणाच्या कडेला दहा-बारा नवी वासरं चिखलात थरथरत उभी असायची. आणि अशा ऐन हंगामात कामावरचा एक गडी 'सॉरी, मेट' म्हणून गाडीत गादी कोंबून निघून गेला. दुसरा मिळत नव्हता. मग दोन माणसांचं काम अभिनवच्या अंगावर पडलं आणि वासरांचं सगळं त्याच्या बायकोच्या, गार्गीच्या. गार्गीला पाचवा महिना लागलेला.

रिकामी होती ती एकटी वनिताबाई, अभिनवची आई. नीरेकाठच्या गावातून सहा महिन्यांसाठी आलेली. चाळीस वर्षं गोठ्यात काढलेली बाई, पण इथं तिला शेणाला हात लावायची बंदी. व्हिसा पाहुणीचा होता.

त्या दिवशीही ती लुगड्यावर अभिनवचं जुनं जाकीट आणि पायांत गमबूट घालून वासरांच्या शेडात गेली. गार्गी दुधाच्या बादल्या ओढत होती. एका हातात बादली, दुसरा हात कमरेवर. वनिताबाईला बघवेना. तिनं पुढं होऊन बादली धरली, तेवढ्यात मागून ग्रँटची बायको शेरिल आली.

"नो नो, व्हनीटा! यू रेस्ट!"

शेरिल बाई चांगली. हसत हसतच तिनं वनिताबाईच्या मुठीतून बादलीचा दांडा एकेक बोट सोडवून काढून घेतला. चोरी करताना सापडलेल्या पोरासारखी वनिताबाई उभी राहिली. पलीकडून अभिनव ओरडला, "आई, कितींदा सांगायचं? इमिग्रेशनवाल्यांनी बघितलं तर ग्रँटच्या गळ्याला फास."

"आरं, बादली उचलली म्हंजी नोकरी झाली व्हय?"

"झाली. हितं तसंच आसतं. जा घरी."

ती घरी गेली नाही. कडब्याच्या गंजीवर बसल्यासारखी गवताच्या गाठोड्यावर बसून राहिली आणि बघत राहिली. शेडात दोन कप्पे होते. डावीकडं कालवडी, कानात पिवळे बिल्ले, खाली लाकडाच्या भुशाची जाड गादी. उजवीकडं खोंडं. त्यांना बिल्ला नव्हता. चार दिवस चीक पाजायचा, पाचव्या दिवशी रस्त्याकडच्या कोंडवाड्यात नेऊन ठेवायचं. सकाळी ट्रक यायचा, भरून न्यायचा. ती कुठं जायची हे वनिताबाईनं पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. पुन्हा विचारलं नाही.

"गार्गे, आपल्याकडं बैल पायजे म्हणून नवस करायचे," ती म्हणाली. "हितं खोंडाला इचारत न्हाई कुनी. कालवड झाली की समदी खूश. उलटाच न्याय."

गार्गी वाकली होती ती तशीच थांबली. वर बघून म्हणाली, "हो ना, आई," आणि बादली उचलून पलीकडच्या कप्प्यात गेली. काय चुकलं बोलण्यात, ते वनिताबाईला पटकन कळलं नाही. कळलं तेव्हा ओठ चावून बसली. जीभ ही अशी. सत्तावन्न वर्षं झाली, ताब्यात येत नाही.

दुपारी दोघं सोनोग्राफीला हॅमिल्टनला जायची होती. विसाव्या आठवड्याची. सकाळची धार संपली अकराला, पुढची तीनला, मधल्या वेळात जायचं आणि पळत परत यायचं. वनिताबाईनं न्हाऊन बरं लुगडं नेसलं, दारात चपला घालून उभी राहिली.

अभिनव गाडीची किल्ली शोधत होता. तिच्याकडं न बघता म्हणाला, "तू थांब घरी."

"मी बसते की भाईर बाकड्यावर. आत येत न्हाई."

"आई. थांब म्हणलं ना."

गार्गी मधे पडली, "आई, तिथे एकालाच आत सोडतात, तुम्ही कंटाळाल हो." ही कोथरूडची पोर खोटं बोलायला लागली की आवाज फार गोड व्हायचा तिचा. वनिताबाईनं चपला काढल्या. गाडी गेल्यावर तिनं लुगडं बदललं, कांदा चिरायला घेतला आणि चिरत चिरत इतका चिरला की चार दिवस पुरला असता.

अडीचला दोघं आली. अभिनव तसाच शेडाकडं पळाला. गार्गीनं फ्रिजवर चुंबकाखाली एक काळा-पांढरा फोटो लावला. वनिताबाई चष्मा लावून जवळ गेली. डोकं दिसत होतं, पाठीचा कणा माळेसारखा.

"समदं बरं हाय न्हवं?"

"सगळं छान आहे, आई. हृदय, किडन्या, हातपाय, सगळं."

"आनि?"

"आणि काय? बास, इतकंच."

वनिताबाईनं मान हलवली. विचारायला तोंड नव्हतं.

ते तोंड कुठं गेलं, हे सांगायला पाहिजे. थोरला मुलगा दत्तू गावाकडं. त्याची बायको अनुराधा. तिला दोन मुली पाठोपाठ. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा वनिताबाईनं माहिती काढली. तालुक्याला एक दवाखाना होता. भिंतीवर मोठी पाटी, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' पाटीखालच्या बाकावर सासू-सुना बसल्या. डॉक्टरनं तोंडानं काही सांगितलं नाही, कायदा मोडायची त्याची पद्धत होती. नुसती मान हलवली, डावीकडून उजवीकडं, एकदा. वनिताबाईच्या नवऱ्यानं, काशिनाथनं, फोनवर सांगितलं, "बायकांचं बायकांनी बघा." दत्तू गप्प. ठरवलं वनिताबाईनं. दोन दिवसांनी जीप काढली अभिनवनं, शेतकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होता, सुट्टीला आलेला. त्याला सांगितलं होतं, वैनीच्या पोटात दुखतंय. येताना अनुराधा मागच्या सीटवर आडवी होती. सीट भिजली. जीप अभिनवनंच धुतली, नदीवर नेऊन, एकट्यानं. त्यानंतर अनुराधाला दिवस गेले नाहीत. काशिनाथही चार वर्षांत गेला. घरात त्या विषयावर एक अक्षर कुणी बोललं नाही, आणि बोललं नाही म्हणून मिटलं असं वनिताबाईनं धरून चाललं होतं.

मिटलं नव्हतं. ते इथं, सात समुद्रांपलीकडं, फ्रिजवर चुंबकाखाली लागलं होतं.

इथं विचारलं की सांगतात हे तिला ठाऊक होतं. तरी मनाची समजूत घालत होती की पोरांनी विचारलंच नसेल. तीही समजूत शुक्रवारी गेली. शेरिल स्वतः केलेला केक घेऊन आली होती. दारातच तिनं गार्गीच्या पोटावर हात ठेवून विचारलं, "सो? पिंक ऑर ब्ल्यू?"

एवढं इंग्रजी वनिताबाईला कळत होतं. तिच्या हातातली चहाची किटली तशीच राहिली. गार्गीनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून सासूकडं पाहिलं, मग शेरिलच्या कानाशी तोंड नेलं. शेरिल "ओऽऽ" करून तिला मिठी मारत म्हणाली, "लव्हली!" आणि मग वनिताबाईकडं वळून, ओठावर बोट ठेवून, डोळा मिचकावला. तिला वाटलं असावं, सासूबाईंसाठी गंमत राखून ठेवली आहे.

वनिताबाईनं कपात चहा ओतला. ज्या बाईनं बादली काढून घेतली तिला ठाऊक, ग्रँटला ठाऊक असणार, आणि रक्ताच्या आजीला नाही. केकचा तुकडा तिनं खाल्ला, चांगला झालाय असंही म्हणाली, आणि मोरीत जाऊन नळ सोडून पाच मिनिटं उभी राहिली.

त्यावरून तिनं हिशेब बांधला. पोरगी असणार. मुलगा असता तर लपवायचं कारणच काय? मुलगा असता तर गाडीतून उतरतानाच अभिनव ओरडला असता. पोरगी आहे, म्हणून ती दोघं भितात. आईच्या नजरेला भितात, जिभेला भितात. आई इथं, या देशात, काय करणार आहे? काही नाही. पण भितात. घरात लहान मूल असलं की औषधाची बाटली वर ठेवतात, तशी ती बातमी तिच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली होती.

आता ऑगस्ट संपत आला. पाऊस तसाच. अभिनव पहाटे चारला जायचा, रात्री आठला येऊन जेवता जेवता पेंगायचा. त्याच्या हातांना भेगा पडल्या होत्या, कासेच्या औषधानं त्या पांढऱ्या झाल्या होत्या. दुपारी तो अर्धा तास बूट न काढता व्हरांड्यात आडवा व्हायचा. तेव्हा वनिताबाई वाटीत तूप घेऊन त्याच्या तळहातांना चोळायची. तो जागा असायचा. डोळे उघडायचा नाही, हातही काढून घ्यायचा नाही. दिवसातलं आई-लेकराचं बोलणं तेवढंच.

एकदा तिनं धीर केला. बोट चोळता चोळता म्हणाली, "आभ्या, मला पोरगी चालंल बरं का."

त्यानं डोळे उघडले.

"चालंल?" तो म्हणाला.

"म्हंजी... काय बी आसू दे."

"चालंल म्हणजे काय गं, आई? दुकानात आलीस व्हय?" आवाज चढवला नाही त्यानं. दमलेला माणूस चढवत नाही. तुपाचे हात पॅंटला पुसले आणि अजून दहा मिनिटं बाकी असताना उठून शेडाकडं गेला.

वनिताबाई वाटी घेऊन बसून राहिली. खरंच होतं. चालेल म्हणायची तिला सवय होती. अनुराधाची पहिली झाली तेव्हा चालेल म्हणाली होती, दुसरी झाली तेव्हाही चालेल म्हणाली होती. तिसऱ्या वेळी चालेना.

अनुराधाचा व्हिडिओ कॉल दर रविवारी यायचा. फोन गार्गीच्या हातात आधी जायचा, दोघी जावा आतल्या खोलीत दार लोटून बोलायच्या, मग फोन बाहेर यायचा. त्या रविवारी वनिताबाईनं विचारलं, "पोरी कशा हायत?"

"बऱ्या हायत आत्या. थोरली धाव्वीला बसनार औंदा." अनुराधाचा चेहरा भरला होता, केस पांढरे दिसायला लागले होते. "तुमी कशा हाय? थंडी लई हाय म्हनं."

"हाय की." वनिताबाईनं फोन तोंडाजवळ धरला. "अनू, ह्यांनी मला काय सांगितलं न्हाई. सोनोग्राफीचं."

फोनमधली अनुराधा कुठंतरी बाजूला बघायला लागली.

"तुला ठावं हाय," वनिताबाई म्हणाली.

"जे आसंल ते आसंल, आत्या. धडधाकट हाय ह्ये महत्त्वाचं." मग ती म्हणाली, "तब्येत जपा," आणि तिनं फोन ठेवला. कधी नव्हे ते आधी तिनं ठेवला.

त्या दिवसापासून वनिताबाईनं पोरगी धरूनच चालायला सुरुवात केली. आपलं मऊ झालेलं इरकली लुगडं फाडून कुंची शिवायला घेतली. शिवताना मनातल्या मनात तिच्याशी बोलायला लागली. गार्गीचा रंग घे, नाक आमच्याकडचं नको. डाव्या हातानं जेवलीस तरी चालंल— चालंल नव्हे, बरं वाटंल. तिला कडेवर घेऊन कालवडी दाखवायला न्यायची. वेणी घालायची. बाहेर पावसात ट्रक यायचा, खोंडं भरून जायचा, आणि आत ती टाके घालत बसायची. पहिल्यांदा जमवून आणलेलं होतं ते सगळं, ओढून ताणून. पण रोज बोललं की सवय होते. महिन्यानं ती पोर तिला खरी वाटायला लागली. पायऱ्या उतरताना 'सांभाळून गं' म्हणून जायचं तिच्या तोंडून, आणि घरात कुणी नसायचं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी डोहाळजेवण ठरलं. सातवा महिना. पाऊस एकदाचा उघडला होता, विणं सरत आलं होतं, नवा गडी मिळाला होता. हॅमिल्टनहून गार्गीची मैत्रीण स्नेहल आणि तिचा नवरा मकरंद येणार होते, ऑकलंडहून आणखी दोन जोडपी, आणि शेरिल. गार्गी या मंडळींना म्हणायची 'आमचं इथलं माहेर'. पूर्वी सगळीच हॅमिल्टनला शिकायला होती, एका घरात आठ-आठ जणं राहून.

स्नेहलनं आदल्या दिवशी फोन केला. "काकू, फुलांचे दागिने मी आणते. मेनू गार्गीनं सांगितलाय. तुम्ही फक्त वाट्यांचं बघाल का? पेढा आणि बर्फीच्या. हॅमिल्टनच्या दुकानातली मिठाई अगदीच साखर असते हो. तुम्ही घरी केलीत तर स्वीट ॲज, म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास!"

हा खेळ कुणाला सांगायला नको. दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पोटुशीनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळच तो. पण वनिताबाईच्या हयातीत त्या खेळात बर्फी निघाली की बायका एक क्षण थांबायच्या, आणि मग जरा जास्तच मोठ्यानं हसायच्या. अनुराधाला दोन्ही वेळा बर्फी निघाली होती. दुसऱ्या वेळी वनिताबाईनं ती वाटी हातातून काढून घेऊन म्हटलं होतं, "पुन्यांदा उघड, ही न्हाई धरायची."

शनिवारी तिनं व्हॅटमधलं, म्हणजे शेडातल्या मोठ्या टाकीतलं, दहा लिटर दूध मागून घेतलं. सकाळपासून आटवत बसली. हे काम तिला कुणी अडवलं नाही, स्वैंपाकघराला व्हिसा लागत नाही. उलथनं फिरवून दंड भरून आला, कपाळावरचा घाम पदराला पुसत राहिली, कमरेत कळ येत होती. संध्याकाळी खवा झाला, दाणेदार, बदामी. परातीत ओढून तिनं दोन भाग केले. एका भागात साखर, वेलची घालून थाळीत थापला, सुरीनं वड्या पाडल्या. दुसऱ्या भागाचे पेढे वळायचे होते. एक गोळा हातावर घेतला, वळला, अंगठ्यानं दाबला. मग बघत राहिली. आणि मोडून तोही थाळीत थापला.

रविवारी बारा वाजता गार्गीला हिरवी साडी नेसवून व्हरांड्यात पाटावर बसवलं. फुलांचा मुकुट, दंडावर मोगऱ्याऐवजी इथलीच कुठली पांढरी फुलं. पोरीचे डोळे खोल गेले होते, पायांना सूज होती, पण चेहरा उजळला होता. बायकांनी ओटी भरली. शेरिलनं तांदूळ नारळासकट जमिनीवर सांडले आणि सगळ्या हसल्या. अभिनव दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, स्वच्छ सदरा घालून, मधूनमधून घड्याळ बघत. तीनची धार कुणाच्या डोहाळजेवणाला थांबत नाही.

"वाट्या आणा, काकू!" स्नेहल ओरडली.

वनिताबाईनं ताट आणलं. दोन स्टीलच्या वाट्या, वर झाकण्या. ताट गार्गीपुढं ठेवताना तिच्या लक्षात आलं की गार्गी वाट्यांकडं बघत नाहीये, नवऱ्याकडं बघते आहे. आणि नवरा जमिनीकडं.

"उघड, बाळा," वनिताबाई म्हणाली.

गार्गीनं उजवीकडची उघडली.

"बर्फीऽऽ!" मकरंदनं शिट्टी मारली. "मुलगी! मुलगी!" टाळ्या पडल्या. गार्गी कसनुशी हसली. तेवढ्यात स्नेहलनं, पेढा खायचा म्हणून, दुसऱ्या वाटीची झाकणी उचलली आणि तिचा हात तसाच राहिला.

"काकू, अहो, यातही बर्फीच आहे. पेढा ठेवायचा राहिला का?"

"ऱ्हायला न्हाई," वनिताबाई म्हणाली. तिनं दुसरी वाटीही गार्गीपुढं सरकवली. "पेढा मी केलाच न्हाई. ह्या घरात कुठली बी वाटी उघडली तरी बर्फीच निघंल. आनि ती वाटी कुनी काढून घेनार न्हाई."

स्नेहल "हाऊ स्वीट, काकू!" म्हणाली आणि शेरिलला इंग्रजीत समजावून सांगायला लागली. ऑकलंडच्या एका पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण वनिताबाई बघत होती ती गार्गीकडं, आणि गार्गी तोंड ओंजळीत घेऊन रडत होती. ते रडणं आनंदाचं नव्हतं. एवढं तिला कळलं. तिनं पाठीवर हात ठेवला तर गार्गी म्हणाली, "आई, सॉरी. आई, खरंच सॉरी." कशाबद्दल ते बोलली नाही. वनिताबाईनं दाराकडं पाहिलं. चौकटीत अभिनव नव्हता.

पानं वाढली, उठली. मंडळी चहाला बसली तेव्हा साडेतीन झाले होते. वनिताबाईनं डब्यात चार बर्फ्या घातल्या, गमबूट चढवले आणि मिल्किंग शेडाकडं चालू लागली. नवा गडी आज सुट्टीवर होता. आत अभिनव एकटाच, मधल्या खड्ड्यात, कमरेपर्यंतचं रबरी आवरण घातलेला. दोन्ही बाजूंना त्याच्या खांद्याच्या उंचीवर गायींचे मागचे पाय आणि कासा. यंत्राचा खटक-फस्स, खटक-फस्स आवाज, शेणाची आणि गरम दुधाची वाफ. जेवलाही नव्हता तो.

ती पायऱ्या उतरून खाली आली. त्यानं बादलीला हात लावू नको म्हणून सांगितलं नाही.

"बर्फी आनलीय," ती म्हणाली.

त्यानं एका गाईला यंत्राचे चार कप लावले, पुढच्या गाईकडं सरकला. "कशाला केलंस ते?"

"मनापास्नं केलं, आभ्या. तुमी लपवलं, मी काय म्हणले न्हाई. माझ्याच कर्मानं लपवलं. पर आता पोरगी म्हणून मी तिला—"

"पोरगा हाय, आई."

तिनं बर्फीचा डबा पोटाशी धरला.

"तुझ्या दोन्ही वाट्या चुकल्या. पोरगा हाय. तिथं पडद्यावर दाखवलं आमाला."

एक गाय लघवीला लागली, तो सवयीनं बाजूला सरला. वनिताबाईच्या पुढ्यात फरशीवर धार आपटत होती.

"मग लपवलंत कशापायी?" ती म्हणाली. "पोरगा हाय तर लपवायचं काय व्हतं त्यात?"

त्यानं दोन गायींचे कप काढले, दुसऱ्या दोघींना लावले.

"पोरगी आसती तर त्याच दिवशी सांगितलं आसतं," तो म्हणाला. "तोंडावर सांगितलं आसतं, उभं करून. पोरगा हाय म्हणले आन मला आधी तूच दिसलीस. तुला किती आनंद व्हईल ते. मला ते बघायचं नव्हतं. गार्गी म्हणली, सांगू या रे, म्हाताऱ्या मानसाला कशाला तरसवायचं. मीच न्हाई म्हणलो." त्यानं मनगटानं नाक पुसलं. "अनुवैनीला सांगितलं तर ती काय म्हणली ठावं हाय? म्हणली, आत्यांना सांगा, लई खूश व्हतील. ती म्हणली, आई. तिनं म्हणावं ह्ये."

वनिताबाईला बोलायचं होतं. माझं चुकलं, असं म्हणायचं होतं. अकरा वर्षांत म्हटलं नव्हतं, ते या खड्ड्यात, या शेणाच्या वासात म्हणून टाकायचं होतं. तोंड उघडलंही.

पण त्याआधीच पोटातून काहीतरी गरम वर आलं. नातू. तिनं बोलावलं नव्हतं त्याला, ते आपोआप आलं, पान्हा यावा तसं. काशिनाथच्या घराला नातू. गालांत हसू भरलं, आणि महिनाभर कुंची शिवता शिवता जिच्याशी बोलत होती, जिची वेणी घालत होती, ती पोर त्या एका क्षणात कुठं गेली ते तिला कळलंसुद्धा नाही. कळलं तेव्हा ती शरमेनं अर्धी झाली. किती सहज गेली. किती सहज आपण तिला जाऊ दिलं. आणि तरी आनंद हटेना.

तिनं घाईनं जाकिटाखालून पदर ओढून तोंडात कोंबला आणि मान फिरवली, पण या बाजूलाही गायी आणि त्या बाजूलाही गायी, तोंड लपवायला जागा नव्हती.

अभिनवला पाठीमागूनच कळलं असावं. तिच्याच पोटचा तो. तो वळला नाही. पुढच्या कासेवर हात ठेवून, तिच्याकडं पाठ करून तसाच उभा राहिला.

"मी बघत न्हाई, आई," तो म्हणाला. "जा तू घरला."